प्रकल्प नोंदी: डाळिंबाची साल, सोलापुरी टॉवेल आणि जंतू नेमके मारले कुणी

८ जानेवारी

सकाळी आमच्या टॉवेल कारखान्यावर मुंबईच्या एका खरेदीदाराचा फोन. जिम आणि फिजिओथेरपी सेंटरसाठी 'हर्बल अँटिबॅक्टेरियल' टॉवेल हवेत, पहिल्या ऑर्डरला ४ हजार नग. रंग मातकट, फिका, कसाही चालेल. पण सोबत लॅबचा रिपोर्ट हवा आणि लेबलवर '९९ टक्के जंतू नष्ट' असं छापायचंय. बाबा शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवायच्या आत म्हणाले, घेऊन टाक. मी खरेदीदाराकडून तीन महिने मागून घेतले आणि ही वही उघडली.

कुठली वनस्पती घ्यायची यावर फार डोकं खाजवावं लागलं नाही. कडुलिंबाला रंग असा नाहीच, आणि तेल वापरलं तर वास अंगावर येतो. हळद सुती कापडावर सुंदर चढते, पण हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो हे घरोघरी माहीत आहे. शिवाय साबण लागला की लाल. मंजिष्ठा महाग, आणि मुळं असल्यामुळे झाड उपटावं लागतं. डाळिंब आमच्या दारात. सोलापूर जिल्हाभर बागा, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे, आणि रसाच्या गाड्यांमागे सालीचे ढीग पडलेले असतात. फळाच्या वजनात साल निम्म्याच्या आसपास भरते, ती कचऱ्यात जाते.

सालीत टॅनिन (तुरट चवीचं द्रव्य) भरपूर, त्यातलं मुख्य प्युनिकॅलाजिन. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं. चामडं कमावताना कातड्यातल्या प्रथिनांचं जे होतं, तसंच काहीसं जंतूच्या पटलावरच्या प्रथिनांचं होतं. शिवाय जंतूला वाढीसाठी लोह लागतं, आणि टॅनिन ते अडकवून टाकतं. इतकं पुस्तकातलं. टॉवेलवर काय होतं ते बघायचंय.

१७ जानेवारी

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा आवरत आली. रसवाल्याकडून दोन गोण्या साली उचलल्या, फुकट. उलट त्यानंच आभार मानले, घंटागाडीवाला रोज कटकट करतो म्हणाला. घरी आणून पाहिलं तर निम्म्या सालींवर मुंग्या आणि चार-पाच कागदी कप. निवडायला आई बसली.

गच्चीवर जुन्या चादरीवर पसरल्या. उन्हात थेट नको, काळ्या पडतात, म्हणून वर शेडनेट. ओल्या १० किलोची वाळून ३ किलोच्या थोडी खाली भरली.

२२ जानेवारी

साल कडकडीत वाळली, हातात घेतल्यावर खापरीसारखी वाजते. मिरचीच्या गिरणीवाल्यानं दळून द्यायला नकार दिला (पुढच्या गिऱ्हाईकाचं तिखट कडू होईल, त्याचं बरोबर आहे), म्हणून ज्वारीच्या जुन्या चक्कीवर भरड काढली.

आज पहिला काढा. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम भरड, ८० अंशांवर एक तास, मग दुहेरी मलमलीतून गाळला. सगळी साल भगवा जातीची, बाहेरून शेंदरी-लाल. काढा मात्र गडद पिवळट-तपकिरी, बिनदुधाच्या चहासारखा. लाल रंग अँथोसायनिनचा, तो तापवल्यावर टिकत नाही आणि सुती धाग्याला धरतही नाही. कापडावर राहतं ते टॅनिनचं पिवळं. सामू ३.७.

आमचे रंगारी मास्तर चाळीस वर्षं चादरीचं सूत रंगवतायत. नॅप्थॉल आणि इंदांथ्रिन या रासायनिक रंगांच्या बाहेर त्यांनी पाहिलेलं नाही. काढ्यात बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "हे रंग न्हाय ताई, हे औषध हाय."

२४ जानेवारी

पहिली चिंधी वाया. कारण वेडगळ आहे, पण लिहून ठेवते. बोअरचं पाणी वापरलं. मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) हजारावर, ते ठाऊक होतं. टाकीचा वॉल्व्ह गंजलाय ते विसरले. टॅनिन आणि लोह एकत्र आले की शाई, आपल्या पूर्वजांची शाई अशीच व्हायची. कापड पिवळं यायच्या ऐवजी पावसाळ्यातल्या डबक्यासारखं हिरवट-करडं आलं. आता लॅबच्या सगळ्या कामाला आरओचं पाणी आणि भांडी फक्त स्टीलची. मशिनवर काय करायचं ते नंतर.

२९ जानेवारी

कापडाची तयारी नीट केली. ग्रे टेरी, म्हणजे टॉवेलचं कोरं कापड, पाइल (धाग्याचे उभे फासे) दोन्ही बाजूंनी. सोडा अ‍ॅश ३ ग्रॅम प्रति लिटर आणि वेटिंग एजंट घालून दीड तास उकळ, मग पेरॉक्साइडनं ब्लीच. शेवटी एन्झाइम घालून उरलेला पेरॉक्साइड मारला आणि पट्टीनं तपासला. कापडात पेरॉक्साइड उरला तर तोच जंतू मारेल आणि श्रेय डाळिंबाला जाईल.

सुताला झाडाच्या बहुतेक रंगांची ओढ नसते. लोकर-रेशमात प्रथिनं असतात, सुतात नुसतं सेल्युलोज. म्हणून मधे कुणीतरी मध्यस्थ लागतो, त्याला आमच्याकडे सरळ मॉर्डंट म्हणतात, पुस्तकात रंगबंधक. आज पाच नमुने काढले. सगळ्यांना कापडाच्या वजनाच्या ३० टक्के साल, लिकर रेशो (कापडास पाणी) १:२०, ८५ अंशांवर ४५ मिनिटं.

क: नुसती साल.
ख: १५ टक्के तुरटी.
ग: ३ टक्के हिराकस (लोहाचा क्षार).
घ: ३ टक्के मोरचूद (तांब्याचा क्षार).
च: आधी २० टक्के हिरडा, मग तुरटी, मग साल.

'क' फिक्कट गव्हाळ. 'ख' स्वच्छ पिवळा, मुगाच्या डाळीचा. 'ग' राखाडीकडून काळ्याकडे. 'घ' ऑलिव्ह. 'च' सगळ्यात भरलेला, जुन्या सोन्यासारखा. हिरड्यात टॅनिन ३० ते ४० टक्के असतं, त्यामुळे तुरटीला धरायला जागा मिळते. हिरडा भीमाशंकर-जुन्नर भागातला, मंडईतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणला. तिकडचे महादेव कोळी बाळहिरडा गोळा करतात.

५ फेब्रुवारी

जंतूंचं काम कारखान्यात करणार नाही हे पहिल्यापासून ठरलेलं. भाची एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करते, तिच्या मॅडमनी लॅब वापरायला परवानगी दिली. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि क्लेब्सिएला न्यूमोनी, कापडाच्या चाचण्यांत नेहमी लागणारे हे दोन. पहिला ग्रॅम पॉझिटिव्ह, घामाच्या आणि त्वचेच्या संगतीतला. दुसरा ग्रॅम निगेटिव्ह, त्याच्याभोवती बाहेरून आणखी एक पटल असतं, त्यामुळे टॅनिनला तो सहसा दाद देत नाही.

आधी सोपी चाचणी, एएटीसीसी १४७ (कापड-रसायनज्ञांच्या अमेरिकी संघटनेची). आगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर जंतूच्या पाच समांतर रेघा ओढायच्या, त्यांच्यावर आडवी २५ बाय ५० मिलिमीटरची चिंधी दाबून बसवायची, ३७ अंशांवर रात्रभर.

चिंध्या ऑटोक्लेव्हमधून काढल्या तर फॉइलच्या पुडीत पिवळं पाणी साचलेलं. म्हणजे १२१ अंशांच्या वाफेनं थोडा रंग सुटला. हेही लिहून ठेवलं.

६ फेब्रुवारी

भाचीचा सकाळी सातला फोन. "मावशी, लवकर ये!" पाचही चिंध्यांखाली वाढ नाही, आणि स्टॅफिलोकॉकसच्या प्लेटवर तर चिंधीच्या कडेला स्वच्छ पट्टा, रेघा अलीकडेच थबकलेल्या. मी फोटो काढून बाबांना पाठवले. बाबांनी ते खरेदीदाराला पाठवले. इथे चूक झाली.

मॅडम दुपारी आल्या, प्लेट उजेडाकडे धरून पाहिली आणि विचारलं, "कंट्रोल कुठाय?"

मी म्हटलं, तुलनेसाठी साधा पांढरा टॉवेल लावलाय की, ती सहावी प्लेट. त्यांनी ती उचलली. तिच्यातही चिंधीखाली वाढ नव्हती.

१० फेब्रुवारी

चार दिवस डोकं फिरलं होतं. शेवटी उलगडलं मास्तरांमुळे. कंट्रोल म्हणून मी गोदामातून तयार पांढरा टॉवेल कापून नेला होता. ब्लीच झालेला, पण त्यावर फिनिशिंगही झालेलं. मास्तर म्हणाले, "त्याला सॉफ्टनर हाय की ताई."

कॅटायनिक सॉफ्टनर. धनभारित चतुर्थक अमोनियम क्षार. दवाखान्यातली फरशी पुसायच्या औषधात याच घराण्यातली रसायनं असतात. टॉवेल मऊ करणारा तोच, जंतूला नकोसा वाटणाराही तोच. म्हणजे आमचे साधे टॉवेल, न धुतलेले, आज '१४७'मध्ये पास होतात! यावर एक आख्खं लेबल छापता येईल.

तेव्हापासून नियम: कंट्रोल म्हणजे त्याच थानातली, तेवढाच वेळ तेवढ्याच गरम पाण्यात, सॉफ्टनरविना, सालीविना काढलेली चिंधी. आणि प्रत्येक मॉर्डंटसाठी वेगळी 'नुसता मॉर्डंट' चिंधी. एकूण चिंध्या दुप्पट झाल्या.

बाबांना फोटो मागे घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, पाठवलेला फोटो मागे कसा घेतात?

१५ फेब्रुवारी

आज प्रयोगाचं नव्हे, प्रवासाचं टिपण. सांगोल्याजवळ मावसभावाच्या बागेत गेले. निमित्त साल, पण मनात दुसराच किडा होता.

डाळिंबाला तेल्या पडतो. पानावर, फळावर तेलकट ठिपके, मग फळ तडकतं. बागाच्या बागा लोकांनी उपटल्या त्याच्यापायी. तेल्या हा जंतुजन्य रोग, झँथोमोनास नावाचा जंतू. गंमत बघा, ज्या झाडाच्या सालीनं आम्ही जंतू मारायला निघालोय, ते झाड स्वतःच जंतूनं मरतं. आणि त्याला शेतकरी काय मारत आलेत? बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, कॉपर ऑक्सिक्लोराइड, आणि स्ट्रेप्टोसायक्लिन. म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन, चक्क माणसाचं अँटिबायोटिक. आमच्या सालीवर त्यातलं काही उरलं असलं तर?

मावसभावाला सरळ विचारलं. त्यानं फवारणीची वही काढून दिली, लपवण्यासारखं काही नव्हतंच. "अगं ताई, पावसाळी दिवसांत नाही मारलं तर तुला साल पण दिसायची नाही," म्हणाला. तोडणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवली तेही वहीत होतं. येताना दोन क्रेट फाटकी फळं दिली, शिवाय त्याच्या घरामागच्या एका झाडाची दहा फळं. त्या झाडाला कुणी कधी काही मारलं नव्हतं. मावशी म्हणाली, ते झाड पोरांचं.

२१ फेब्रुवारी

तीन प्रकारच्या साली: रसवाल्याची, बागेची, परसातली. प्रत्येक साल थंड पाण्यात तासभर घोळून नुसतं धुवण आगरच्या खळग्यांत घातलं. शेजारच्या खळग्यात तिन्हींचा काढा.

धुवणाभोवती कुठेच पट्टा नाही, तिन्हींच्या काढ्याभोवती आहे. डोळ्यांनी फरक करता येणार नाही इतका सारखा. शेतकऱ्यावर घेतलेला संशय मागे घेते. तरी यापुढे साल तीन पाण्यांतून धुऊनच वापरायची. त्यात लाल रंग थोडा जातो, तो तसाही नको होता.

२ मार्च

आता खरी मोजणी, एएटीसीसी १००. ४.८ सेंटीमीटर व्यासाच्या गोल चकत्या, त्यांवर १ मिलिलिटर जंतूचं द्रावण. साध्या कापडाच्या तीन-चार चकत्या एकावर एक ठेवाव्या लागतात, टेरीची एकच सगळं पिऊन टाकते. २४ तास ३७ अंशांवर. मग १०० मिलिलिटर न्यूट्रलायझरमध्ये (औषधाचा परिणाम थांबवणाऱ्या द्रावणात) खळबळून, पातळ करत करत प्लेटवर पसरायचं आणि वसाहती मोजायच्या. मोजायचं काम भाचीचं, मी बाजूला बसून पेनानं ठिपके देते.

सुरुवातीला चकतीवर सुमारे १ लाख स्टॅफिलोकॉकस. २४ तासांनी:

कंट्रोलवर १ कोटी. सॉफ्टनर गेल्यावर कापड जंतूंना चांगलंच मानवलं.

'ख', म्हणजे तुरटी आणि साल: ३००च्या आसपास.

'क', नुसती साल: 'ख'च्या जवळपास, थोडी अधिकच चांगली.

'ग', हिराकस: रंगानं सगळ्यात गडद, पण कामात मागे. मला उलट वाटलं होतं. मॅडमनी समजावलं ते पटलं: टॅनिनचे जे हात जंतूला धरतात, तेच लोहाला धरतात. लोहानं आधीच भरलेले हात रिकामे कुठून आणायचे?

'घ', मोरचूद: शून्य. आणि नुसत्या मोरचुदाची चिंधी, सालीविना: तीही शून्य. म्हणजे 'घ'मध्ये साल फक्त रंगापुरती, खून तांब्यानं केला. मोरचूद बाद. सांडपाण्यात तांबं सोडणं मला परवडणार नाही, आणि ओइको-टेक्स या कापडाच्या सुरक्षिततेच्या प्रमाणपत्राला अंगाला लागणाऱ्या कापडातून सुटणाऱ्या तांब्यावर मर्यादा आहे, किलोला ५० मिलिग्रॅम, तान्ह्या बाळांच्या कपड्यांना २५.

नुसत्या तुरटीनंही वाढ थोडी रोखली, पण 'ख'च्या आसपासही नाही. काढा आम्लधर्मी आहे, तर आम्लानंच हे झालं का? कापडाच्या अर्काचा सामू मोजला: धुऊन झाल्यावर साडेसहा. आम्ल निर्दोष सुटलं.

उरली साल.

११ मार्च

धुलाई. टॉवेल न धुता वापरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, त्यामुळे २ मार्चचे आकडे मला कौतुकाचे वाटत असले तरी गिऱ्हाइकाच्या कामाचे नाहीत. साबण ५ ग्रॅम प्रति लिटर, ४० अंश, ३० मिनिटं, लॉन्डरोमीटर या धुलाई-चाचणीच्या मशिनमध्ये दहा वेळा. 'ख' पिवळ्याचा बदामी झाला, साबणाच्या अल्कलीनं. 'क'चा रंग जवळजवळ गेला. 'च' बऱ्यापैकी टिकला.

आज मास्तरांनी एक गोष्ट शोधून काढली, स्वतःच्या नकळत. हिराकसच्या बादलीतले हात त्यांनी चुकून दहा वेळा धुतलेल्या 'च' चिंधीला पुसले. बोटं उठली. राखाडी, स्पष्ट, अंगठ्याच्या रेषांसकट. मला मारायला उठल्यासारखे दचकले, "डाग पडला ताई!" मी तीच चिंधी घेतली आणि दुसऱ्या टोकाला ड्रॉपरनं एक थेंब टाकला. थेंब आधी पाण्यासारखा पसरला, मग कडेपासून करडा होत आत आला, आणि मिनिटभरात मधोमध काळसर चकती. 'ख'वर तोच थेंब फिकट करडा. 'क'वर जेमतेम सावली. कंट्रोलवर पिवळट वर्तुळ, बाकी काही नाही.

कापडावर टॅनिन उरलंय का, हे सांगणारी चाचणी दोन रुपयांत. जंतू किती मरतील ते ती सांगत नाही, पण थेंब काळा झाला नाही तर पुढच्या प्लेटा ओतायचा खर्च वाचतो. वहीत थेंबांच्या चिंध्या चिकटवल्या आहेत.

१४ मार्च

दहा धुलाईनंतरचे आकडे. सगळे तपशील भाचीच्या वहीत आहेत, मी फक्त एका चिंधीचं लिहिते, 'च'चं, कारण तिच्यावरून बाबांचं आणि माझं भांडण झालं.

सुरुवात १ लाख. २४ तासांनी कंट्रोलवर १ कोटी, 'च'वर ८० हजार.

बाबा कॅल्क्युलेटर घेऊन बसले. १ कोटीतून ८० हजार वजा, भागिले १ कोटी: ९९.२ टक्के. "झालं की, ९९!"

मी म्हटलं, सुरुवातीला १ लाख होते, आता ८० हजार आहेत. मेले किती? २० टक्के.

दोन्ही हिशेब बरोबर. एकात आपण २४ तासांनंतरच्या साध्या कापडाशी तुलना करतो, दुसऱ्यात पहिल्या क्षणाशी. साध्या कापडावर जंतू शंभरपट वाढतात, आमच्या कापडावर ते होते तिथेच बसून राहतात. ही वाढ रोखणं झालं, मारणं नव्हे. आयएसओ २०७४३ या आंतरराष्ट्रीय मानकात हेच लॉगमध्ये (१ लॉग म्हणजे दहापट) मोजतात: कंट्रोलची वाढ २, आमची उणे ०.१, फरक २.१. दोन ते तीन म्हणजे लक्षणीय परिणाम, तीन किंवा वर म्हणजे जोरदार. आम्ही लक्षणीयच्या दारात, जेमतेम. न धुतलेला 'ख' ४.५ वर होता.

बाजारात '९९ टक्के'चे जे टॉवेल-मोजे-बनियन फिरतात, त्यातले किती पहिल्या हिशेबाचे आणि किती धुण्याआधीचे, हे लेबलवरून कळायची सोय नाही. बाबा म्हणाले, सगळे तसंच लिहितात. आई आतून म्हणाली, जेवायला चला.

क्लेब्सिएलाचं सांगायचं राहिलं. 'च'वर १ लाखाचे १८ लाख झाले. कंट्रोलच्या मानानं कमी, पण वाढलेच. त्याच्यापुढे दहा धुलाईनंतर डाळिंब हरलं.

२५ मार्च

टिकाऊपणा वाढवायला सायट्रिक अ‍ॅसिड करून पाहिलं. सायट्रिक आणि सोडियम हायपोफॉस्फाइट, पॅड करून (द्रावणात बुडवून, पिळून) वाळवून १६० अंशांवर ३ मिनिटं क्युअर. टॅनिनला सेल्युलोजशी बांधून टाकायचं. या क्युअरिंगनं पांढरं कापड पिवळं पडतं अशी तक्रार असते; आमचं आधीच पिवळं. रंग खरोखर टिकला, थेंब वीस धुलाईनंतरही काळा.

पण टॉवेल टॉवेल राहिला नाही. ताकद घटली, पाइल ताठ झाला, आणि पाण्याचा थेंब जो क्षणात शोषला जायला हवा, तो पाइलवर मोत्यासारखा बसून राहिला. मास्तरांनी हाताला चोळून पाहिला. "पायपुसणं करा." सोडून दिलं.

कायटोसनचं (कोळंबीच्या कवचापासून मिळणारं द्रव्य) मॅडमनी सुचवलं होतं. तो स्वतःच जंतू रोखतो, म्हणजे पुन्हा कंट्रोलची दुप्पट चळत. पुढच्या वर्षी.

६ एप्रिल

विंचवर (कापड फिरवत रंगवायच्या मशिनवर) पहिला लॉट, 'च'च्या रेसिपीनं, ४० किलो टॉवेल. १२ किलो सुकी साल, म्हणजे ओली ४० किलो. हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा: जेवढं कापड, तेवढी ओली साल. चार हजार टॉवेल ४०० ग्रॅमचे धरले तर १६०० किलो साल, तीन टनांच्या वर फळ कुणीतरी प्यायला हवं.

पाणी टँकरचं, बोअरचं नाही. भरड थेट न घालता पोत्यात बांधून टाकली, तरी बारीक गाळ पाइलमध्ये अडकलाच; तीन वेळा खळबळून काढावा लागला. रंगाची छटा एका टोकाला वेगळी. मास्तर म्हणाले, चादरीला चाललं नसतं, टॉवेलला चालेल. मी म्हटलं, नाही चालणार. पुढच्या वेळी काढा वेगळा करून, गाळून, तीन हप्त्यांत सोडायचा.

संध्याकाळी शेजारच्या युनिटमधले काका तावातावानं आले, तुम्ही गटारात शाई सोडली म्हणून. जाऊन पाहिलं तर खरंच, आमच्याकडून गेलेलं पिवळं पाणी गंजक्या जाळीपर्यंत पिवळं, जाळीनंतर काळंकुळकुळीत. ड्रेनचा वॉल्व्ह नीट बसला नव्हता, ते पाणी आमच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत) जायला हवं होतं. 'नैसर्गिक आहे' म्हणून सीओडी (सांडपाण्याच्या प्रदूषणाचं माप) कमी होत नाही. टॅनिननं तो उलट चढतो. जाळी बदलली, वॉल्व्ह बदलला, काकांना चहा पाजला. साल निथळून मावसभावाकडे खताला पाठवायची.

१२ एप्रिल

खरेदीदाराला पत्र. मसुदा चार वेळा केला. शेवटी गेलेला मजकूर: डाळिंबाच्या सालीनं आणि हिरड्यानं रंगवलेला सुती टॉवेल; दहा धुलाईनंतर स्टॅफिलोकॉकस ऑरियसची वाढ रोखतो, आकडा आयएसओ २०७४३ प्रमाणे २.१, क्लेब्सिएलावर दहा धुलाईनंतर दावा नाही, रोग टाळण्याचा कुठलाही दावा नाही. '९९' शब्द कुठेही नाही. बाबांनी वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं, आणि स्वतःच्या मेलवरून पाठवलं. फेब्रुवारीतल्या फोटोंबद्दलही एक ओळ त्यांनी आपणहून घातली होती.

१९ एप्रिल

उत्तर आलं. चार हजारांऐवजी तीनशे नग, ट्रायल म्हणून. दर कमी करा म्हणतात, दावा कमी झालाय तर.

तीनशेला १२० किलो ओली साल लागेल. रसवाल्याकडे गेले. त्यानं मला पाहिलं, सालीच्या गोणीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, आता किलोला पाच रुपये लागतील. तुमच्यासारखं अजून एक जण विचारून गेलं." घासाघीस करून साडेतीनवर आणलं. कप निवडून द्यायचं कबूल केलंय.